मोठी हिच बसवूनही पिकअप मागून बसते: जड ट्रेलरसाठी रिसीव्हर हिच निवडताना राहून जाणारी मोजमापे

जड ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते, तिचे नाक वर होते, स्टिअरिंग हलके लागू लागते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. यावर बहुतेक मालक पहिला उपाय म्हणून मागच्या पाट्यांत आणखी एखादा पाटा चढवतात. त्याने गाडीची मागची उंची पूर्ववत होते, पण स्टिअरिंग हलके ते हलकेच राहते. मग दोष हिचला, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या जोडणीला, दिला जातो, जुनी उतरवून तिच्याहून वरच्या वर्गाची हिच बसवली जाते, आणि पुढच्या फेरीला तीच तक्रार पुन्हा उभी राहते. मी हे दोन्ही उपाय याच क्रमाने करून पाहिले आहेत आणि दोन्ही वाया गेले, कारण ट्रेलर हिचवर नेमके किती वजन टाकतो हे तोपर्यंत मी एकदाही मोजलेले नव्हते.

या वजनाला टंग वेट म्हणतात. ट्रेलरचा कपलर, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाची वाटी, हिचच्या बॉलवर, म्हणजे गोळ्यावर, उभ्या दिशेने जेवढा दाब देतो, तेवढे टंग वेट. बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरसाठी ते मालासह ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे, असा सर्वमान्य दंडक आहे. याहून कमी झाले तर ट्रेलर मागून डुलू लागतो आणि जास्त झाले तर वर सांगितलेली सारी लक्षणे दिसतात. हिच कोणती घ्यावी, हा प्रश्न हा आकडा हाती आल्यानंतरचा आहे.

मागचे पाटे वाढवून काम का होत नाही

पिकअप ही मागच्या अ‍ॅक्सलवर टेकवलेली तरफ आहे असे समजावे. बॉल त्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे बॉलवर दाब आला की पुढची चाके काही प्रमाणात उचलली जातात. किती उचलली जातात, याचा हिशेब सोपा आहे: टंग वेटला मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉलपर्यंतच्या अंतराने गुणावे आणि दोन अ‍ॅक्सलांमधील अंतराने भागावे. माझ्या पिकअपमध्ये ही अंतरे अनुक्रमे १.२ मीटर आणि ३.६ मीटर आहेत. ट्रेलर मालासह ३,२०० किलोचा होता आणि मोजल्यावर त्याचे टंग वेट ५४० किलो, म्हणजे जवळजवळ १७ टक्के निघाले. या हिशेबाने पुढच्या अ‍ॅक्सलवरचे १८० किलो वजन नाहीसे होत होते आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ५४० नव्हे तर ७२० किलो अधिक पडत होते.

पाटे वाढवले की मागची उंची सुधारते, पण पुढच्या चाकांवरून गेलेले १८० किलो परत येत नाहीत. गाडी दिसायला सरळ होते, मात्र वळवण्याचे आणि ब्रेकचे बरेचसे काम ज्या चाकांनी करायचे ती हलकीच राहतात. एअर बॅगचेही, म्हणजे मागच्या सस्पेन्शनमध्ये बसवायच्या हवेच्या पिशव्यांचेही, तसेच आहे. मला ही बाब धोक्याची वाटते, कारण डोळ्यांना दिसणारे लक्षण नाहीसे होते आणि मूळ दोष तसाच राहतो. ज्याची गाडी सरळ उभी दिसते, तो वेगही निर्धास्तपणे वाढवतो. मोठ्या वर्गाच्या हिचनेही हे वजन पुढे सरकत नाही. जाड नळीची हिच अधिक भार सहन करते एवढेच. तरफेचा हिशेब तिच्यामुळे बदलत नाही.

टंग वेट मोजण्याच्या दोन पद्धती

वाहनांचा वजनकाटा जवळ असेल तर पहिली पद्धत सर्वांत विश्वासार्ह आहे. नेहमीचा माल भरलेला ट्रेलर जोडून पिकअप काट्यावर अशी उभी करावी की पिकअपची चारही चाके काट्यावर आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर राहतील. हे वजन लिहून घ्यावे, ट्रेलर सोडावा आणि त्याच माणसांसह, त्याच इंधनासह एकट्या पिकअपचे वजन घ्यावे. दोन वजनांतील फरक म्हणजे टंग वेट. मोजताना भार वाटून देणाऱ्या दांड्या (मागचा काही भार पुढे सरकवणाऱ्या स्प्रिंग-दांड्या, त्यांच्याबद्दल पुढे येईल) जोडलेल्या नसाव्यात, नाहीतर आकडा कमी येतो. काट्यावर गेलाच आहात तर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे आणि ट्रेलरचे एकूण वजनही घ्यावे. पुढच्या हिशेबाला हे तिन्ही आकडे लागतात.

असा काटा नसेल तर घरचा साधा वजनाचा काटा आणि एक मजबूत लाकडी तुळई पुरते. तुळईचे एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपवर आणि दुसरे टोक काट्यावर ठेवलेल्या पाइपवर टेकवावे. ट्रेलरचा कपलर तुळईवर अशा जागी टेकवावा की विटेपासूनचे अंतर एक भाग आणि काट्यापासूनचे अंतर दोन भाग राहील. मग काट्यावर टंग वेटचा एक तृतीयांश भार येतो, म्हणून दिसलेल्या आकड्याला तीनने गुणावे. तुळईचे स्वतःचे वजन आधी वजा करायला विसरू नये. ट्रेलर समतल असावा आणि त्याच्या चाकांना पुढून-मागून अटकाव लावलेला असावा. हे काम कधीही उतारावर करू नये.

हिचवरच्या पट्टीवर दोन आकडे असतात

आता हिचकडे वळता येईल. वाहन अभियंत्यांच्या एसएई या अमेरिकी संस्थेच्या जे६८४ या मानकात हिचचे चार वर्ग आहेत: पहिला २,००० पाउंडांपर्यंत, म्हणजे ९०७ किलो, दुसरा ३,५०० पाउंड, म्हणजे १,५८८ किलो, तिसरा ५,००० पाउंड, म्हणजे २,२६८ किलो, आणि चौथा १०,००० पाउंड, म्हणजे ४,५३६ किलो. बाजारात मात्र तिसऱ्या वर्गाच्या नावाने ८,००० पाउंडांपर्यंतच्या हिच विकल्या जातात आणि त्याहून जड कामाच्या हिचना पाचवा वर्ग म्हटले जाते. पहिल्या दोन वर्गांची चौकोनी नळी, म्हणजे रिसीव्हर, बहुधा सव्वा इंची असते, तिसऱ्या-चौथ्याची दोन इंची, आणि पाचव्याची दोन किंवा अडीच इंची. काही भारी पिकअपना तीन इंची नळीही येते. नळी दोन इंची दिसली म्हणून हिच चौथ्या वर्गाची आहे असे समजणे चूक आहे, कारण एकाच मापाच्या नळीत दुपटीचा फरक असू शकतो. नाव आणि माप बाजूला ठेवून हिचवर चिकटवलेली किंवा ठोकलेली पट्टी वाचणे हाच खरा मार्ग आहे.

त्या पट्टीवर बहुधा दोन ओळी असतात आणि माझ्या अनुभवात घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. एक ओळ साध्या बॉल माउंटवर, म्हणजे नळीत सरकवून बसवायच्या बॉलच्या आधारावर, थेट भार टाकण्यासाठीची, दुसरी भार वाटून देणारी हिच वापरली तरची. अनेक पिकअपच्या मूळ हिचवर पहिल्या ओळीत ५,००० पाउंड ट्रेलर आणि ५०० पाउंड टंग वेट, तर दुसऱ्या ओळीत १०,००० आणि १,००० पाउंड असे लिहिलेले असते. विक्रेता मोठा आकडा सांगतो, घेणाराही तोच लक्षात ठेवतो, आणि ट्रेलर मात्र साध्या बॉल माउंटवर ओढला जातो. माझ्या जुन्या हिचवर हेच आकडे होते. साध्या बॉलवर तिला २२७ किलो टंग वेट चालत होते आणि मी तिच्यावर ५४० किलो टाकत होतो. दांड्या लावल्या असत्या तरीही मर्यादा ४५४ किलो होती, म्हणजे त्या ट्रेलरसाठी तशी मांडणी दोन्ही ओळींत बसत नव्हती.

हिच केवढीही मोठी असली तरी पिकअपची ओढण्याची क्षमता तिच्यामुळे वाढत नाही. पिकअप, रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर आणि ट्रेलर यांतील सर्वांत लहान आकडा हीच सगळ्या जोडणीची मर्यादा असते. अडीच इंची रिसीव्हरमध्ये दोन इंची बॉल माउंट बसवण्यासाठी मध्ये आवरण घातले, तर मर्यादा त्या लहान बॉल माउंटची किंवा आवरणाची राहते. रिसीव्हर लांब करणारी नळी जोडली तर क्षमता बरीच घटते, कित्येकदा निम्म्यावर येते, कारण बॉल आणखी मागे जातो आणि तरफ लांब होते. जड ट्रेलरसाठी ती वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पेलोडची पट्टी

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक दुसरी पट्टी असते, तिच्यावर माणसे आणि माल मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते; यालाच पेलोड म्हणतात. टंग वेट या वजनात मोजायचे असते, आणि बॉल माउंट व दांड्यांचे वजनही. ओढण्याच्या क्षमतेचा जाहिरातीतील आकडा गाठण्याच्या कितीतरी आधीच पेलोड संपतो. एसएई जे२८०७ या चाचणीपद्धतीत ओढण्याची क्षमता ठरवताना गाडीत १५० पाउंडांची, म्हणजे सुमारे ६८ किलोंची, दोन माणसे धरलेली असतात. हौद्यात अवजारांच्या पेट्या धरलेल्या नसतात.

माझ्या पट्टीवर ७०० किलो लिहिलेले आहे. दोन माणसांचे १६० किलो, हौद्यातील अवजारे आणि इंधनाचे डबे यांचे १६० किलो, भार वाटणाऱ्या हिचचे ४० किलो आणि टंग वेटचे ५४० किलो मिळून ९०० किलो होत होते. म्हणजे दोनशे किलोंची जादा भर मी नवी हिच घेऊनही करतच होतो.

यावरचा उपाय शेवटी ट्रेलरवर सापडला. त्यावरचे यंत्र सुमारे २,३०० किलोंचे आहे आणि कपलरपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलांच्या मध्यापर्यंत ४.८ मीटर अंतर आहे. यंत्र ३० सेंटीमीटर मागे घेतले तर टंग वेट २,३०० गुणिले ०.३ भागिले ४.८, म्हणजे सुमारे १४४ किलोंनी कमी होते. काट्यावर ते ३९६ किलोंच्या आसपास आले. हौद्यातील ८० किलोंच्या पेट्या ट्रेलरच्या अ‍ॅक्सलांच्या बरोबर वर ठेवल्या, त्यामुळे टंग वेट न बदलता ट्रेलर ३,२८० किलोंचा झाला आणि टंग वेटचे प्रमाण १२ टक्क्यांवर आले. पिकअपवरचा भार ६७६ किलो राहिला. दांड्या लावल्यावर चालणाऱ्या ४५४ किलोंच्या आतही हे वजन बसले, म्हणजे जुनी हिच या कामाला पुरेशी होती. उणीव होती ती दांड्यांची आणि माल नीट मांडण्याची.

यंत्र किती मागे घ्यायचे याला मात्र मर्यादा आहे. तेच यंत्र ६० सेंटीमीटर मागे घेतले असते तर टंग वेट २५२ किलो, म्हणजे आठ टक्क्यांच्याही खाली गेले असते आणि ट्रेलर डुलू लागला असता. म्हणून योग्य जागा सापडल्यावर ट्रेलरच्या फळ्यांवर रंगाने खूण करून ठेवावी. दर खेपेला अंदाजाने यंत्र चढवले की दर खेपेला टंग वेट वेगळे येते, आणि मग तक्रार कधी येते, कधी येत नाही, याचे कोडे सुटत नाही.

भार वाटणाऱ्या दांड्या कशा लावाव्यात

भार वाटणाऱ्या हिचमध्ये बॉल माउंटपासून ट्रेलरच्या चौकटीकडे दोन स्प्रिंग-दांड्या जातात. त्या वर ओढून धरल्या की मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढच्या अ‍ॅक्सलकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे सरकतो. दांड्या प्रत्यक्ष टंग वेटला साजेशा घ्याव्यात. काही उत्पादक मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे हौद्यात ठेवलेले वजनही त्यात धरायला सांगतात. फार कडक दांड्यांनी ट्रेलरच्या चौकटीला दणके बसतात, फार मऊ दांड्या काहीच सरकवत नाहीत.

समतल जागेवर पुढच्या चाकाच्या मध्यातून चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंतची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजावी: ट्रेलर न जोडता, ट्रेलर जोडून पण दांड्या न ताणता, आणि दांड्या ताणून. माझ्याकडे हे आकडे ९०, ९३.५ आणि पहिल्या प्रयत्नात ८९ सेंटीमीटर असे आले. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी येणे म्हणजे पुढे गरजेपेक्षा जास्त भार गेला आहे. मागची चाके त्यामुळे हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर ती घसरू शकतात. साखळीच्या कड्या सैल केल्यावर उंची ९१.५ सेंटीमीटरवर आली. वाढलेल्या उंचीपैकी किती परत आणायची हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कोणी निम्मी सांगतात, कोणी पूर्ण. जी गाडी आहे तिच्याच पुस्तिकेचे ऐकावे. गाडीला मागे एअर बॅग असतील तर त्यांतील हवा किती ठेवून हे मोजायचे, तेही पुस्तिकेत पाहावे.

दांड्या जोडताना जॅकने ट्रेलरचा पुढचा भाग आणि पिकअपचा मागचा भाग कपलरसह वर उचलावा, म्हणजे ताण कमी असताना साखळी लावता येते. हात किंवा चेहरा दांडीच्या वाटेत कधीही ठेवू नये. सुटलेली दांडी हाड मोडू शकते. ट्रेलर सोडतानाही हाच क्रम उलट करावा. ट्रेलरला दाबाने चालणारे सर्ज ब्रेक असतील तर प्रत्येक दांडी-हिच त्यांच्यासोबत चालत नाही, म्हणून खरेदीआधी दोन्ही उत्पादकांची संमती पाहावी.

लक्षण वेगळे असेल तर

पिकअप सरळ उभी राहते पण ट्रेलर डुलतो, अशी तक्रार असेल तर उलट्या बाजूने शोध घ्यावा. टंग वेट कमी आहे का, माल अ‍ॅक्सलच्या मागे गेला आहे का, टायरमध्ये हवा कमी आहे का, आणि ट्रेलरचे नाक वर आहे का. नाक वर असण्याचे कारण बहुधा बॉल माउंटची चुकीची उंची असते. ट्रेलर समतल ठेवून कपलरच्या खालच्या कडेची उंची आणि मोकळ्या पिकअपच्या रिसीव्हरच्या आतील वरच्या कडेची उंची मोजावी. माझ्याकडे ती ४८ आणि ६० सेंटीमीटर होती, म्हणून १२ सेंटीमीटर खाली उतरलेला बॉल माउंट हवा होता. डुलणे सुरू झालेच तर पिकअपचे ब्रेक जोरात दाबू नयेत आणि स्टिअरिंगने सावरण्याचा प्रयत्न करू नये; पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ते हाताने लावावेत. घर्षणावर चालणारा डोलरोधक दांडा मदत करतो, पण चुकीचे टंग वेट तो दुरुस्त करत नाही.

ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना ठक् असा आवाज येत असेल तर तो बहुधा रिसीव्हर आणि बॉल माउंट यांतील ढिलाईचा असतो. आवळणारा क्लॅम्प लावला की तो थांबतो. त्याआधी पिनचे भोक तपासावे. ते गोल न राहता लांबट झाले असेल तर क्लॅम्प लावून ते झाकू नये, भाग बदलावा. दोन इंची आणि अडीच इंची रिसीव्हरला पाच अष्टमांश इंची पिन लागते, अर्धा इंची पिन तिथे सैल राहते. बॉलचा खालचा नट आणि चॅसिसला हिच धरणारे बोल्ट पुस्तिकेतील टॉर्कवर आवळलेले आहेत का, हे टॉर्क रेंचनेच पाहावे.

बॉलच्या मापाबाबत मी अधिक कडक आहे. प्रचलित मापे एक पूर्णांक सात अष्टमांश, दोन, आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंच अशी आहेत. मोठ्या मापाचा कपलर दोन इंची बॉलवर खाली बसतो, त्याची खिट्टीही लागते आणि सगळे ठीक वाटते. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो बॉलवरून उचलला जातो. ५० मिलिमीटरचा बॉल दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरच्या, कपलरमध्येही तसाच सैल राहतो. कपलरवर ठोकलेले माप आणि बॉलवरचे माप वाचून जुळवावे, आणि खिट्टी लावल्यावर जॅकने ट्रेलरचे नाक वर उचलून पिकअपचा मागचा भाग सोबत उचलला जातो का ते पाहावे. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर त्याचे नाक साखळ्यांच्या झोळीत अडकते.

हे सारे करूनही आकडे बसत नसतील तर कित्येक जण हौद्यात बसणाऱ्या फिफ्थ व्हील या जोडणीकडे वळतात. त्यात भार मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे येतो, त्यामुळे पुढची चाके उचलली जात नाहीत आणि ट्रेलर फार कमी डुलतो. पण तिथे ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिकअपवर येतो. माझ्या ३,२८० किलोंच्या ट्रेलरला २० टक्के धरले तरी ६५६ किलो होतात आणि त्यात माणसे व अवजारांचे २४० किलो मिळवले की हिचचा सांगाडा न धरताच ८९६ किलो होतात; ७०० किलोंच्या पट्टीवर ते बसत नाही. त्या वजनाच्या ट्रेलरसाठी माझ्या पिकअपला फिफ्थ व्हील हा पर्यायच नाही. एक तर माल कमी करावा लागेल किंवा जास्त पेलोडची गाडी घ्यावी लागेल.